डाव्या दरवाजाचे लाभार्थी

भूगोलाच्या सरांच्या गाडीचा डावा दरवाजा एका मंगळवारी सकाळी बोटभर खाली उतरला. घटना किरकोळ होती, हे सुरुवातीलाच नमूद करणे आवश्यक आहे. कारण पुढे तिच्यावर एक समिती बसली, दोन पाहण्या झाल्या आणि एक समारंभ पार पडला.

सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती आणि गाडीला तेवीस. गाडी पांढरी, छोटी, दोनच दारांची. दोनच असल्यामुळे प्रत्येक दार लांबलचक आणि कपाटाच्या दारासारखं जड. डावीकडे काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बसायच्या. महिन्यापूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि आठवड्यातून तीनदा त्यांना व्यायामाच्या केंद्रात न्यावं लागायचं. या गाडीची पुढची सीट पार मागे सरकत असे, त्यामुळे काकूंना पाय लांब करून बसता यायचं. दुसऱ्या कुठल्या गाडीत ते जमत नव्हतं.

तर ते दार उघडताना कुरकुरत खाली बसे आणि लावताना खटक्यात जातच नसे. सर ते आधी पाळण्यातलं बाळ उचलावं तसं दोन्ही हातांनी अलगद वर घेत आणि मग दुश्मनाला हाणावा तसा गुडघ्याचा दणका देत. काकू आत दचकत. एका घरात दोन गुडघे कामाला लागले होते. एक बरा होत होता आणि एक बिघडत होता.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री सरांचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना नकाशा भरायला दिला की सगळ्या नद्या समुद्रातून निघून डोंगरात जातील अशा काढायचा. पण लोखंड त्याला कळत होतं. त्यानं दार धरून दोनदा वर-खाली हलवलं आणि म्हणाला, "बिजागऱ्यांच्या पिना झिजल्यात, सर. पिनांवरच्या कड्या, बुश, त्या तर उरल्याच नाहीत. दार उतरवतो, लेथवर दोन पिना करून आणतो, पितळेचे बुश ठोकतो. दीड तास. तोवर चहा पिऊन या."

"नव्या बिजागऱ्या नको टाकायला?"

"कशाला? बिजागऱ्या ठणठणीत आहेत. झिजलंय ते आतलं."

मग त्यानं खर्च सांगितला. तो इतका कमी होता की सरांना संशय आला.

"एवढाच?"

"कमी वाटतोय का?" मिस्त्रीनं प्रामाणिकपणे विचारलं.

सर 'हो, कर' म्हणणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मेहुण्याचा होता. काकूंच्या या धाकट्या भावाची एक ख्याती होती. योजनेत मिळत नाही अशी वस्तू त्यानं कधी घेतली नव्हती आणि मिळते अशी कधी सोडली नव्हती. त्याच्या घरात दोन शिवणयंत्रं होती, शिवता कोणालाच येत नव्हतं. गच्चीवर मधमाश्यांच्या तीन पेट्या होत्या. माश्यांची योजना अजून यायची होती.

"भाऊजी, पैसे देताय?" दाराची हकिकत ऐकून तो म्हणाला. 'विष पिताय?' असं ज्या स्वरात विचारतात त्या स्वरात. "स्वतःचे? अहो, 'जुनी वाहने परवडणारी दुरुस्ती योजना' आहे ना! शंभर टक्के अनुदान. दरवाजांसाठी तर वेगळा कक्ष आहे."

सरांनी आयुष्यभर इमानेइतबारे कर भरला होता. त्या बदल्यात व्यवस्थेनं त्यांना व्यक्तिशः काहीच दिलं नाही, ही बोच होतीच. त्यांनी मिस्त्रीला हातानं थांबवलं.

गाडीतून काकू म्हणाल्या, "अहो, दीड तासच म्हणतोय ना तो? मी बसते की."

"अगं, हक्काचं आहे आपल्या."

हा शब्द सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. पुढे तो घरात मिठापेक्षा जास्त वापरला गेला.

मिस्त्रीनं पान्हा परत पेटीत ठेवला. "सावकाश करा, सर. दार कुठं पळून जातंय!"

परवडणारी दुरुस्ती कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता, पण मोजमाप खाली आवारात व्हायचं. एक हसतमुख कर्मचारी बाई पोलादी पट्टी घेऊन आल्या. दार उतरण्याला त्यांच्याकडे 'द्वारावनमन' असा शब्द होता. त्यांनी पट्टी लावली, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "अवनमन अठरा मिलिमीटर. किमान पंचवीस हवं, सर. योजना गरजू दरवाजांसाठी आहे. तुमचा अजून बराच सुस्थितीत आहे."

"अहो, पण तो आणखी बिघडू नये म्हणूनच तर दुरुस्त करायचाय!"

"ती झाली देखभाल. देखभालीला अनुदान नाही." बाईंनी पट्टी मिटली. "तुम्ही असं करा, बिघडला की या."

सर हिरमुसले होऊन घरी आले. मेहुण्यानं मात्र धीर दिला. "सात मिलिमीटर म्हणजे काय हो, भाऊजी! मनावर घ्या."

सरांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळचा पेपर उघड्या दारावर कोपर टेकून, भार देऊन वाचू लागले. पेपर संपला की अग्रलेख पुन्हा वाचत. दुपारी दाराच्या खिडकीत जुन्या नकाशांच्या वह्यांचं पोतं अडकवून ठेवत. चौथ्या दिवशी दोन्ही हातांनी दाराला धरून ते चक्क लोंबकळत असताना मिस्त्री रस्त्यानं चालला होता. तो थांबला.

"काय करताय, सर?"

"व्यायाम."

"दार सोडून करा. असं लटकलात तर बिजागऱ्या बसवलेल्या खांबाचा पत्रा फाटेल. मग ते काम माझ्या हातात नाही राहणार."

"किती दिवसांत फाटेल?" सरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशा होती.

मिस्त्रीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तो निघून गेला. वर खिडकीत काकू उभ्या होत्या. त्यांच्या व्यायामाच्या दिवशी आता दार लावायला सर आणि वॉचमन असे दोघं लागत होते.

अकराव्या दिवशी अवनमन सव्वीस झालं. सरांनी आनंदानं अर्ज भरला. सोबत वयाचा दाखला जोडायचा होता, गाडीचा आणि स्वतःचा. पोच मिळाली, पाहणीला अधिकारी घरी येतील असं सांगण्यात आलं आणि चोवीस दिवस कोणीही आलं नाही. या चोवीस दिवसांत दाराला कोणी लोंबकळलं नाही, पण एकदा लागलेली सवय दारानं सोडली नाही. ते आपलं उतरतच राहिलं.

तपासनीस आले तेव्हा काकू व्यायामाला जायला गाडीत बसून तयार होत्या आणि त्यांच्या बाजूचं दार नुकतंच दोघांनी मिळून लावलं होतं. तपासनिसांनी पट्टी लावली.

"चौतीस."

"म्हणजे पात्र!" सर म्हणाले.

"पंचवीस ते तीस पात्र. तीसच्या वर धोकादायक गट. प्रकरण समितीकडे जाईल, तोवर दरवाजा सील." असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक रुंद कागदी पट्टी काढली आणि दाराच्या फटीवर आडवी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'हे द्वार उघडणे दंडनीय आहे.' मग शिक्का मारला, तारीख घातली.

"अहो, पण आत माणूस बसलाय!" सर ओरडले.

तपासनिसांनी वाकून पाहिलं. काकूंनी आतून नमस्कार केला.

"त्यांना उजवीकडून काढा," तपासनीस म्हणाले. "सील तोडलं तर नव्यानं अर्ज करावा लागेल."

गिअरच्या दांड्यावरून ऑपरेशन झालेला गुडघा पलीकडे नेण्याच्या या कामाला पाऊण तास लागला. सर, वॉचमन आणि शेजारच्या फ्लॅटमधली नर्स असे तिघं त्यात होते. काकू एकदाच ओरडल्या. बाहेर आल्यावर घाम पुसत त्या सरांना म्हणाल्या, "फाडा ती पट्टी आणि जा त्या मिस्त्रीकडे."

"अगं, इतकं केल्यावर? आता सोडलं तर आत्तापर्यंतचं सगळं वाया जाईल."

त्या दिवसापासून काकूंचा व्यायाम टॅक्सीच्या कृपेवर चालू लागला. टॅक्सीत पाय दुमडावा लागे, पाय दुमडला की गुडघा सुजे, सुजला की पुढचा व्यायाम बुडे. केंद्रातल्या बाईंनी कोनमापक लावून सांगितलं की पूर्वी गुडघा नव्वद अंशांत वाकत होता, आता साठ. सरांनी तो आकडा ऐकला. पण त्या आठवड्यात त्यांच्या डोक्यात मिलिमीटर होते, अंशांना जागा नव्हती.

समितीनं तीन दरपत्रकं मागवली. पैकी दोन मान्यताप्राप्त वर्कशॉपची हवी होती. पहिलं वर्कशॉप इतकं चकाचक होतं की सरांनी दाराशी चपला काढल्या. तिथला टाय लावलेला तरुण संगणकात बघून म्हणाला, "बिजागरी सुटी येत नाही. ती दारासोबत येते."

"बरं, मग दार?"

"दार खांबासोबत येतं."

"आणि खांब कशासोबत येतो?"

"नव्या गाडीसोबत," तो म्हणाला आणि अदबीनं एक माहितीपत्रक पुढे केलं.

दुसऱ्या वर्कशॉपनं खांब मागितला नाही, पण दोन्ही दारं बदलावी लागतील असं सांगितलं. एकच नवं घातलं तर दुसऱ्याला ते शोभणार नाही म्हणून. तिसरं दरपत्रक मिस्त्रीचं होतं. वहीच्या पानावर त्यानं लिहिलं होतं, 'पिन दोन, बुश चार, मजुरी.' खाली आकडा आणि सही.

समितीच्या अध्यक्षांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. "पहिली दोन परवडणारी नाहीत. योजनेचं नावच परवडणारी आहे, त्यामुळे ती बाद. तिसरं मात्र इतकं परवडणारं आहे, की लाभार्थ्याला योजनेची गरज असल्याचं सिद्धच होत नाही."

"म्हणजे मी काय करायचं?"

"इतक्या स्वस्तात होत असेल तर तुमचं तुम्ही करा." अध्यक्ष समजूतदार होते. सरांचा पडलेला चेहरा पाहून ते पुढे झुकले. "किंवा मग मिस्त्रीला सांगा, जरा बरं दरपत्रक दे. आम्हालाही मंजूर करताना काहीतरी मंजूर केल्यासारखं वाटलं पाहिजे."

सर मिस्त्रीकडे गेले. तो एका गाडीखाली होता. सर उकिडवे बसून गाडीखाली बोलले. उभ्यानं बोलण्यासारखं ते नव्हतंच.

"दीड तासाच्या जागी चार दिवस लिही. बुश चारच्या जागी सोळा लिही. तुला काय फरक पडतो?"

गाडीखालून पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्री सरकत बाहेर आला आणि हात पुसत उठून बसला.

"सर, नववीत मी नकाशा शेजारच्याचा बघून भरला होता. आठवतंय? तुम्ही तासभर बाकावर उभं केलंत. म्हणालात, नद्या उलट्या काढल्यास तरी चालेल, पण स्वतःच्या काढ. तेव्हापासून मी स्वतःच्याच काढल्या. नापास झालो, पण काढल्या."

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ते वेगळं होतं."

"असेल." मिस्त्री उठला. "काकूंचा गुडघा कसाय? सर, गाडी आत्ता आणा. पट्टीबिट्टीचं मी बघतो. पैसेही देऊ नका."

सर ताडकन उभे राहिले. "फुकटात काम करून घेणारा माणूस वाटलो का मी तुला?"

आणि ते तरातरा घरी आले.

पुढचं मेहुण्यानं पाहिलं. त्याच्या ओळखीच्या एका संस्थेचं दरपत्रक आलं. त्यात 'द्वाराचा सर्वांगीण अभ्यास', 'बिजागरी सल्लासेवा' आणि 'लाभार्थी मानसिक पूर्वतयारी' अशा बाबी होत्या. सर्वांत शेवटी बुश होते. समितीनं ते एकमतानं मंजूर केलं. एवढंच नव्हे, तर योजना सुरू झाल्यापासून मंजुरीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच प्रकरण असल्याचं उघड झालं आणि सरांना 'पहिले लाभार्थी' म्हणून जाहीर समारंभाचं पत्र आलं.

त्या संस्थेची दोन माणसं टेम्पो घेऊन आली, सील काढलं आणि दार उतरवून घेऊन गेली. गाडी एका बाजूनं उघडी पडली. सरांनी तिच्यावर ताडपत्री बांधली.

"तू येतेयस ना समारंभाला?" मेहुण्यानं काकूंना विचारलं. "ताई, पहिली रांग आहे."

"पहिल्या रांगेत पाय लांब करता येतो का रे?" काकूंनी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्या गेल्या नाहीत.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर मधोमध लाकडी चौकटीत सरांचं दार बसवलेलं होतं. ते धुऊन पुसून चकचकीत केलं होतं आणि त्याला रेशमी फीत बांधली होती. प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली आणि दार उघडलं. उद्घाटन या शब्दाला इतकं जागलेलं उद्घाटन त्या सभागृहात पूर्वी झालेलं नव्हतं. मग त्यांनी दार लावलं. खट्ट असा नाजूक आवाज झाला. टाळ्यांचा कडकडाट. सरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी आठ मिनिटं भाषण केलं. सामान्य माणसानं चिकाटी सोडली नाही तर व्यवस्था त्याच्या दारापर्यंत येते, असं ते म्हणाले. त्या वाक्यालाही टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर पुष्पगुच्छ आणि चौकटीतलं प्रमाणपत्र सांभाळत सर आयोजकांकडे गेले. "दार आज नेऊ की उद्या पाठवताय?"

"दार?" आयोजक म्हणाले. "ते आता वर्षभर फिरत्या प्रदर्शनात राहील. लोकांना योजनेचा लाभ दिसायला नको का?"

"आणि माझी गाडी?"

"गाडी योजनेत येत नाही, सर. योजना दरवाजाची होती."

सर घरी पोचले तेव्हा ताडपत्री घडी करून जिन्यात ठेवलेली होती. गाडी पांढरीच होती, पण डावं दार पिवळं होतं. आत सीट पार मागे सरकवून, पाय लांब करून काकू बसल्या होत्या. सर टाळ्या घेत होते त्या वेळात त्या काठी टेकत टेकत कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या होत्या. त्या अंतराला त्यांना अर्धा तास लागला होता. मिस्त्रीनं भंगारवाल्याकडून तशाच गाडीचं दार आणलं, पिना केल्या, बुश ठोकले आणि ते येऊन बसवलं.

"उभे काय राहिलात?" काकू म्हणाल्या. "चला, व्यायामाला उशीर होतोय." आणि त्यांनी दोन बोटांनी दार ओढून घेतलं. ते लागलं.

"किती दिलेस त्याला?" गाडी चालू करत सरांनी विचारलं.

"सांगितले तेवढे." केंद्र जवळ आल्यावर काकू म्हणाल्या, "वाटेत दोनदा बसावं लागलं मला. एकदा फुटपाथवर."

सरांनी गिअर बदलला. पुष्पगुच्छ मागच्या सीटवर होता.

तीन आठवड्यांनी लाभोत्तर पाहणीसाठी तपासनीस पुन्हा आले. त्यांनी पिवळं दार उघडलं, लावलं, पट्टी धरली आणि लिहिलं, 'अवनमन शून्य. योजना यशस्वी. लाभार्थी समाधानी.'

"अहो, पण हे दार..." सर म्हणाले.

"पिवळं आहे. पाहिलं मी. नमुन्यात रंगाचा रकाना नाही."

"तसं नाही, हे योजनेतून..."

तपासनिसांनी पेन थांबवलं. "हे योजनेतून नाही, असं लिहू? मग तुम्हाला लाभ मिळाला नाही असं होईल. मग समारंभ खोटा, प्रमाणपत्र परत, चौकशी, खुलासा. लिहू?"

काकू जिन्यात उभ्या राहून, कठडा धरून गुडघा वाकवत होत्या. सत्तरपर्यंत आला होता. त्यांनी मोजणं थांबवलं आणि सरांकडे पाहिलं. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पस्तीस वर्षं ज्या सहीनं त्यांनी प्रगतिपुस्तकं तपासली होती, ती सही त्यांनी 'समाधानी' या शब्दाखाली केली.

पेपरात फोटो आल्यावर इमारतीतले लोक भेटायला येऊ लागले. पहिले आले ते तळमजल्यावरचे वकील. त्यांची गाडी सात महिन्यांची होती. "माझ्या गाडीचं काही बसेल का हो यात?" त्यांनी विचारलं.

सरांनी त्यांना बसवलं आणि त्या दिवशी, निदान एका माणसाला तरी, सगळं खरं सांगितलं. दाराला लोंबकळल्याचं सांगितलं. सोळा बुश लिहायला सांगितल्याचं सांगितलं. गिअरवरून काकूंना काढल्याचं, साठ अंशांचं, फुटपाथचंही सांगितलं. वकिलांनी एकही शब्द न गाळता ऐकलं. मध्ये मध्ये चुकचुकले, व्यवस्थेला दोन सणसणीत शिव्या दिल्या, काकूंची मनापासून चौकशी केली. जाताना दारापाशी चपला घालता घालता ते थांबले.

"तो अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो म्हणालात, सर?"

सरांनी खिडकीचा नंबर सांगितला. इथे तो मुद्दामच दिलेला नाही. ही हकिकत याआधी ज्यांना ज्यांना वाचायला दिली, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी शेवटी तोच विचारला. उरलेल्या निम्म्यांना ही योजना घराच्या दारांना लागू आहे का, ते हवं होतं.